हलके चिलखत आणि त्याची कसोटी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचे निमंत्रण देताना मंडळाच्या चिटणिसांनी मला एकच अट घातली होती. विषय शास्त्रीय असावा, परंतु तो शाळकरी मुलापासून घरातील आजीबाईंपर्यंत सर्वांस समजावा. माझे आयुष्य पदार्थांच्या परीक्षणात गेलेले असल्यामुळे मी त्यातलाच एक विषय निवडला आहे. बंदुकीची गोळी अडविणारे हलके चिलखत कशाचे बनते, आणि ते खरोखरीच गोळी अडवील की नाही हे कसे ठरवितात, हा तो विषय होय.

हा विषय लष्कराचा वा पोलीसखात्याचा आहे, आपल्या संमेलनात त्याचे काय काम, अशी शंका कोणाच्या मनात येईल. परंतु आपल्या ज्ञातीतील मुलगे, आणि आता मुलीही, पोलीसदलात व सैन्यात दाखल होत आहेत. ती कामगिरीवर निघतात तेव्हा अंगात जे जाकीट चढवितात, त्यावर घरच्या माणसांचा जीव टांगणीला लागलेला असतो. ते जाकीट कोणी पारखले, कसे पारखले, हे जाणून घेण्याचा अधिकार त्या घरांना आहे. म्हणून हा विषय शास्त्राचा आहे तितकाच संसाराचाही आहे.

कर्णाची कवचकुंडले आपण सर्व जाणतो. ते कवच त्याच्या देहाबरोबरच जन्मले होते. त्याचे वजन त्याला कधी जाणवले नाही आणि त्याची परीक्षा घेण्याचा प्रसंगही कोणावर आला नाही. मर्त्य माणसाला मात्र कवच स्वतः घडवावे लागते, अंगावर वागवावे लागते आणि त्याची पारखही स्वतःच करावी लागते. वजन आणि पारख ही दोन संकटे त्याच्या कवचाला जन्मापासूनच चिकटलेली आहेत.

लोखंडी चिलखत मागे पडले ते बंदुकीमुळे. गोळी अडवील एवढा जाड पत्रा अंगावर घेतला तर माणसाला धड चालवत नाही. मग कापडाकडे लक्ष गेले. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात गुडफेलो नावाच्या एका शल्यवैद्याला गोळीने जखमी झालेल्या माणसांवर उपचार करताना असे आढळले की, गोळी शरीरात शिरली तरी रेशमी रुमाल मात्र पुष्कळदा फाटत नाही. हे निरीक्षण त्याने १८८७ साली प्रसिद्ध केले. पुढे शिकागोतील कॅझिमिर झेग्लेन या पोलिश धर्मगुरूने रेशमाचे अनेक थर देऊन गोळीरोधक बंडी तयार केली आणि १८९७ साली तिचे पेटंट मिळविले. त्या काळच्या पिस्तुलाच्या मंद गोळीला ती पुरत असे. अधिक वेगवान गोळीपुढे तिचा टिकाव लागेना. शिवाय रेशीम महाग. तथापि एक तत्त्व त्यातून कायमचे सिद्ध झाले. गोळी अडविण्यास कठीण भिंतच लागते असे नाही. चिवट जाळेही ते काम करू शकते.

ते जाळे विणण्यास योग्य असा धागा पुढे १९६५ साली अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे, ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. तो शोधणारी स्टेफनी क्वोलेक ही स्थलांतरित पोलिश कुटुंबातील मुलगी. ती दहा वर्षांची असतानाच वडील वारले. वैद्यकीय शिक्षण घ्यावे अशी तिची इच्छा होती. त्यासाठी पैसे जमवावे म्हणून १९४६ साली तिने रसायनशास्त्रज्ञाची नोकरी धरली आणि त्या कामातच ती रमली. मोटारींचे टायर हलके व्हावे म्हणून ती नव्या बहुवारिकाच्या, म्हणजे आपण ज्यास पॉलिमर म्हणतो त्याच्या, शोधात होती. लहान रेणूंच्या असंख्य कड्या एकापुढे एक गुंफल्या जाऊन जी लांबच लांब साखळी होते ती पॉलिमर. तिच्या हाती आलेले द्रावण गढूळ आणि पाण्यासारखे पातळ होते. एरवी असले द्रावण फेकून दिले जाई. सूत काढणारा सहकारीही ते यंत्रात घालण्यास प्रथम तयार होईना, कारण यंत्राची छिद्रे बुजतील अशी त्याला भीती वाटली. तिने आग्रह धरला, सूत निघाले, आणि ते इतके ताठ व बळकट निघाले की तिने ते पुनःपुन्हा तपासून घेतले आणि मगच लोकांना सांगितले. हाच पुढे प्रसिद्धीस आलेला केव्हलार. वजनास वजन तोलले असता तो पोलादाच्या पाचपट बळकट भरतो.

असा धागा गोळीला कसा आवरतो ते पाहू. क्रिकेटच्या सरावाच्या जाळ्यावर जोराने चेंडू आदळला तर जाळे पोटासारखे फुगते आणि चेंडू त्यातच विसावतो. चेंडूचा जोर एका दोऱ्यावर न राहता चहूकडच्या दोऱ्यांत वाटला जातो. चिलखतात हेच घडते, फक्त सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म अंशात. गोळी आदळताच तंतूंमधून ताणाची एक लहर बाजूंना धावते. तंतू जितका ताठ आणि जितका हलका, तितकी ही लहर अधिक वेगाने धावते आणि तितके अधिक तंतू गोळीचा जोर झेलण्यास धावून येतात. याचा अर्थ असा की, या चिलखताचा हलकेपणा ही केवळ अंगाची सोय नव्हे. तो त्याच्या सामर्थ्याचाच एक भाग आहे.

या तंतूंचे थर राळेत बसवून एकमेकांवर दाबले की संमिश्र पदार्थ तयार होतो. फायबरग्लासच्या होडीतही तंतू आणि राळ असतात, पण तिथे राळ भरपूर असते, कारण होडी कडक हवी असते. चिलखतात राळ मुद्दाम थोडी ठेवितात. आघात होताच थर एकमेकांपासून सुटावेत आणि त्या सुटण्यात गोळीचा जोर खर्ची पडावा, हा त्यामागील हेतू. पुढे १९७०–८० च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी पॉलिथिलीनच्या अतिदीर्घ रेणूंपासून सूत काढण्याची युक्ती शोधिली. ज्या पॉलिथिलीनच्या पिशव्या आपण रोज वापरतो त्याचेच हे पराक्रमी भावंड. पाण्याहूनही ते हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते, आणि तरीही गोळी थोपविते.

आता परीक्षेकडे वळू. येथेच विषयाचा गाभा आहे.

केव्हलारचा चिलखतासाठी उपयोग होईल हे अमेरिकेच्या न्यायखात्यातील लेस्टर शुबिन याने ओळखले. पहिली चाचणी अगदी साधी होती. कापडाची घडी घालून तिच्यावर गोळ्या झाडल्या, गोळ्या परतल्या. परंतु कापड फाटले नाही एवढ्याने भागत नाही. कापड मागे फुगते, आणि त्या फुगवट्याचा तडाखा छातीच्या पिंजऱ्याला बसतो. गोळी शरीरात न शिरताही माणूस दगावू शकतो. म्हणून पुढील चाचण्या लष्कराच्या प्रयोगशाळेत भूल दिलेल्या बकऱ्यांवर झाल्या आणि फुप्फुस, यकृत, काळीज यांना कितपत इजा होते ते पाहण्यात आले. त्यानंतर १९७५ साली पंधरा शहरांतील पोलिसांना पाच हजार बंड्या देण्यात आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिॲटल शहरी एका दरोड्याच्या वेळी गोळी लागलेला पोलीस त्या बंडीमुळे वाचला.

आजची परीक्षा त्याच पायावर उभी आहे. जाकिटामागे बकरी नव्हे, तर शिल्पकार नमुने घडविण्यास वापरतात तसल्या तेलकट मातीचा ठोकळा असतो. ही माती थंड असेल तर कडक आणि गरम असेल तर मऊ. म्हणून चाचणीपूर्वी तिचीच परीक्षा होते. सुमारे एक किलो वजनाचा पोलादी गोळा दोन मीटर उंचीवरून तिच्यावर टाकतात. खळगा १९ मिलिमीटरांच्या आसपास पडला तरच माती योग्य. मग ठराविक अंतरावरून गोळ्या झाडतात. दोन प्रकाशपडद्यांमधील अंतर गोळीने किती वेळात तोडले यावरून तिचा वेग मोजतात. वेग ठरल्या मर्यादेबाहेर गेला तर तो बार जमेस धरीत नाहीत. गोळी पार जाता कामा नये, आणि मातीतील खळगा ४४ मिलिमीटरांहून खोल होता कामा नये. अमेरिकेच्या २००८ सालच्या प्रमाणपद्धतीतील या अटी जगभर परिचित आहेत.

गोळी-गोळीतही फार अंतर असते. पिस्तुलाची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३९८ मीटर वेगाने आली तर तिच्यात सुमारे ६३४ ज्यूल ऊर्जा असते. रायफलीची ९.६ ग्रॅमची गोळी ८४७ मीटर वेगाने आली तर ती ऊर्जा सुमारे ३,४४४ ज्यूल होते, म्हणजे पाचपटींहूनही अधिक. मऊ बंडी पहिलीला पुरते, दुसरीला पुरत नाही. दुसरीसाठी पुढे सिरॅमिकची फरशी आणि मागे पॉलिमर संमिश्राची पाठ लागते. फरशी गोळीचे टोक मोडते, पाठ तुकडे झेलते. म्हणून ‘बुलेटप्रूफ’ हा शब्द मोघम आहे. कोणत्या गोळीला, किती वेगाला, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ नाही.

परीक्षेत आणखी एक आकडा काढितात. गोळ्यांचा वेग कमीजास्त करीत, ज्या वेगाला निम्म्या गोळ्या पार जातात आणि निम्म्या अडकतात तो वेग शोधितात. दोन पदार्थांची तुलना करण्यास हा आकडा उत्तम. परंतु तो वाचून कोणी फसू नये. ज्या वेगाला निम्म्या गोळ्या पार जातात तो वेग म्हणजे चिलखताचे अभय नव्हे. जवानाला निम्मे अभय काय कामाचे? त्याला हवा असतो तो वेग, ज्याच्या आत एकही गोळी पार जाणार नाही. आणि तो याहून बराच खाली असतो.

येथे परीक्षकापुढे एक मोठा पेच उभा राहतो. तांदूळ शिजला की नाही हे पाहण्यास शितावरून भाताची परीक्षा करितात, आणि ते शीत खाऊनही टाकता येते. चिलखताचे तसे नाही. ज्या जाकिटावर गोळ्या झाडल्या ते कामातून गेले. आणि जे जवानाच्या अंगावर जाते त्यावर कधीच गोळी झाडलेली नसते. तपासलेले वापरता येत नाही आणि वापरले जाते ते तपासलेले नसते. मग थोड्यांवरून पुष्कळांचे अनुमान करावे लागते. साठ गोळ्या झाडल्या आणि एकही पार गेली नाही, तर शेकडा पंच्याण्णव खात्रीने एवढेच म्हणता येते की, गोळी पार जाण्याचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी असावे. ‘एकही गेली नाही, म्हणजे कधीच जाणार नाही’ असे गणितशास्त्र म्हणू देत नाही. म्हणून एकाच घाणीतील सर्व जाकिटे खरोखरच सारखी आहेत की नाहीत, सूत बदलले का, राळ बदलली का, याची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी लागते. ती नोंद खोटी असेल तर सारी परीक्षा खोटी.

परीक्षेत एखादी गोष्ट गृहीत धरून चालले तर काय होते, याचे उदाहरण झायलॉन नावाच्या तंतूचे आहे. जपानमध्ये तयार होणारा हा तंतू केव्हलारहूनही बळकट, त्यामुळे त्याची बंडी अधिक पातळ आणि हलकी होई. नव्या बंड्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, पोलिसांनी त्या आनंदाने घेतल्या. आणि जून २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील फॉरेस्ट हिल्स येथे, जी गोळी अडविण्याची ग्वाही दिलेली होती तीच गोळी अशा बंडीतून आरपार गेली आणि एक पोलीस गंभीर जखमी झाला. मग अमेरिकन सरकारने वापरात असलेल्या बंड्या गोळा करून तपासल्या. ऑगस्ट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहा. १०३ बंड्यांपैकी ६० बंड्यांमधून निदान एक तरी गोळी पार गेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांत फुगवटा मर्यादेबाहेर गेला. सर्व कसोट्यांस उतरल्या त्या अवघ्या चार! घाम, दमट हवा आणि उजेड यांनी तंतूच्या रेणूसाखळ्या आतल्या आत तुटत गेल्या होत्या, आणि वरून पाहता बंडी नव्यासारखीच दिसत होती.

श्रोतेहो, येथे परीक्षा लबाडीची नव्हती, पण अपुरी होती. परीक्षा दिली नव्या बंडीने, आणि गोळी आली जुन्या बंडीवर. सोने एकदा कसाला लावले की वर्षानुवर्षे तेच राहते. पॉलिमर तसा नाही. त्याला माणसासारखे वय असते. हे कळल्यानंतर २००८ च्या प्रमाणपद्धतीत एक नवी कसोटी आली. मऊ बंड्या ६५ अंश उष्णतेत आणि शेकडा ८० आर्द्रतेत दहा दिवस एका फिरत्या पिंपात घुसळतात. पिंपाचे बहात्तर हजार फेरे होतात. मग त्या चुरगाळलेल्या बंड्यांवर गोळ्या झाडतात. बंड्या पाण्यात भिजवूनही तपासतात. २०२३ साली त्या पद्धतीची पुढील आवृत्ती निघाली.

आपल्या देशाला तर ही गोष्ट अधिकच लागू आहे. कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि विदर्भातील वैशाखाचे ऊन एकाच राज्यातील पोलीस सोसतात. ऊन केव्हलारला दुबळे करिते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील उष्णता पॉलिथिलीनच्या तंतूला मानवत नाही. सिरॅमिकची फरशी हातातून पडली तर तिला न दिसणारी चीर जाऊ शकते. परदेशच्या थंड हवेतील दाखला येथे जसाच्या तसा चालेल असे धरून चालणे शहाणपणाचे नव्हे. सुदैवाने २०१८ साली भारतीय मानक ब्यूरोने गोळीरोधक जाकिटांचे स्वतःचे मानक प्रसिद्ध केले. कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने २०२१ साली मध्यम आकाराच्या जाकिटाचे वजन १०.४ किलोंवरून ९ किलोंवर आणले, आणि २०२४ साली रायफलीच्या चिलखतभेदी गोळीचे सहा बार झेलणारे जाकीट सिद्ध केले. दोहोंची परीक्षा चंदीगडच्या प्रयोगशाळेत झाली. त्याच वर्षी दिल्लीच्या आय. आय. टी.च्या सहकार्याने ८.२ किलोंचे जाकीटही तयार झाले. आणि आपल्या मुंबईतच, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, बोरॉन कार्बाइडच्या अतिकठीण व हलक्या सिरॅमिकपासून ‘भाभा कवच’ जन्मास आले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

जवळजवळ दीड किलो कमी झाले यात काय मोठे, असे कोणी म्हणेल. ज्याला बारा तास पहाऱ्यावर उभे राहावयाचे आहे त्याला विचारा. जड जाकीट माणूस संधी मिळताच काढून ठेवितो, आणि खुंटीवर टांगलेले कवच कोणाचाही जीव वाचवीत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र महाराष्ट्र विसरणार नाही. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे केवळ लाठीनिशी पुढे गेले, बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेविली आणि गोळ्या स्वतःच्या देहावर झेलल्या. देशाने त्यांना मरणोत्तर अशोकचक्राने गौरविले. त्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या जाकिटांच्या दर्जाविषयी आणि खरेदीविषयी जाहीर प्रश्न उपस्थित झाले. त्या वादात शिरण्याचे हे स्थान नव्हे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, असे प्रश्न संकटानंतर विचारावे लागू नयेत. ते आधी विचारले जावेत. शौर्य हे जवानाचे कर्तव्य असेल, तर त्याच्या अंगावरील वस्तू कसोटीस उतरलेली असणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

म्हणून ज्या घरांतील मुले या सेवेत आहेत त्यांनी मुलांना चार गोष्टी आवर्जून सांगाव्या. जाकिटावरील पट्टीवर कोणता दर्जा लिहिला आहे ते वाचावे, कारण पिस्तुलाचे जाकीट रायफलीला पुरत नाही. तयार झाल्याची तारीख पाहावी; मऊ बंडीची हमी साधारणतः पाच वर्षांची असते. ते उन्हात वाळत घालू नये, त्याच्या आतील पडदी यंत्रात धुऊ नये, घडी घालून कोंबून ठेवू नये. आणि ज्यावर एकदा गोळी लागली ते जाकीट आठवण म्हणून जपावे, पण पुन्हा अंगात घालू नये.

आज येथे ज्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला त्यांनाही एक शब्द. नवीन वस्तू शोधून काढणाऱ्याचे नाव होते आणि ते योग्यच आहे. परंतु शोधलेली वस्तू खरी की खोटी हे सांगणारा परीक्षक बहुधा अनामिक राहतो. त्याची ‘नाही’ कोणाला आवडत नाही. माल पुरविणाऱ्याला घाई असते, घेणाऱ्याला घाई असते, आणि मोडलेल्या जाकिटांचा खर्च हिशेबात डोळ्यांत खुपतो. अशा वेळी मातीतील खळगा ४४ ऐवजी ४६ मिलिमीटर भरला, तर तो ४६ च लिहिणारा माणूस लागतो. त्या दोन मिलिमीटरांच्या पलीकडे कोणाचे तरी काळीज असते. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलामुलींतून असे परीक्षक निर्माण झाले, तर मंडळाने दिलेल्या पैशाचे सोने झाले असे मी समजेन.